सातवी पट्टी

ल्युबोर, तू बेसचे पडदे उपटलेस ते ब्याण्णव साली,
ओस्त्रावात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात.
बापाची पक्कड, आईची बटाटे सोलायची सुरी,
खाचांत भरलेला भुसा आणि सरस,
वर नावेला लावतात ते वार्निश, तीन हात.
आठवडाभर सूपलाही तोच वास.
म्हातारा भट्टीची रात्रपाळी करून आला,
त्या गुळगुळीत मानेकडे बघत उभा राहिला,
म्हणाला, आता कुठं थांबायचं ते कसं कळणार?
तू म्हणालास, कानाला कळेल.
म्हणाला, माझे तर गेले कारखान्यात.
आणि झोपायला गेला.

हे तूच सांगितलंस, ब्रनोहून परतताना, व्हॅनच्या मागच्या बाकावर,
पायात अँप धरून.

मी तेव्हा मिक्सरवर. बावीस वर्षांची,
दातांत टॉर्च, खिशात फ्यूज.
ढोल एक ते सहा. तू सातवी पट्टी.
पुढे दोन गिटार, मग झ्देन्येकचा घसा.
आणि दर तालमीला झ्देन्येकचा तोच हात:
तळवा खाली, जरा खाली, अजून.
बेस कमी कर, ब्लांका.
केला.
कातोवित्सेला केला, लाइपझिगला केला,
जिथं पावसात तंबू उडाला तिथंही
आधी बेस कमी केला, मग वायरी झाकल्या.
लोकांना छातीत धडका हव्या होत्या, मिळाल्या.
कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.

गुरुवारी जॅझवाले. तळघर, सोळा खुर्च्या,
पियानोवर मिलादा, चष्मा दोरीला बांधलेला,
साडेसहा मात्रांचं काहीतरी मांडायची
आणि तुझ्याकडे बघायची, जसं काही बिल तू देणार आहेस.
ते तुला मेटलवाला म्हणायचे.
मेटलवाले म्हणायचे, आमचा जॅझवाला.
ना घरचा ना घाटचा,
आणि दिवसा ट्रामच्या डेपोत
रुळांची अंतरं मोजायची नोकरी, मिलिमीटरमध्ये.
यावर तू कधी हसला नाहीस. मीच हसायचे.

एकदा चुकलास. ग्राझ, फेब्रुवारी,
हॉलची शेगडी बंद, लाकूड आखडलेलं,
अख्खं पहिलं गाणं केसभर खाली.
रात्री जेवला नाहीस. खिडकीशी बसून
उजव्या हातानं डावा हात दाबत राहिलास.
सगळ्यांनी ऐकलं, म्हणालास.
मी तुझ्या खांद्यावर जॅकेट टाकलं
आणि सांगितलं नाही
की त्या रात्री सातवी पट्टी तळाशी होती,
तुला कुणीच ऐकलं नव्हतं.

मग अनामिका वळेनाशी झाली. मग डॉक्टर. मग दुसरा डॉक्टर.
आता तू मुलांना शिकवतोस, शनिवारी, शाळेच्या जिमखान्यात,
आणि मानेवर खडूच्या खुणा करू देत नाहीस
म्हणून पालक तक्रार करतात.

परवा जुन्या टेपा आल्या. तिसरा अल्बम, पुन्हा काढायचाय.
उगाच, कॉफी गार होईपर्यंत, म्हणून
मी बाकी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या.

आधी खुर्चीची करकर. तुझा श्वास.
मग तू.
त्या सगळ्या दणक्याखाली, सत्तावीस वर्षं,
बाकीचे सुरावरून सुरावर उड्या मारत असताना
एक माणूस मधली वाट पायी चालत होता,
कुठं रेंगाळत, कुठं वळून बघत,
आणि बरोबर दारापाशी पोचत होता.
कॉफी गार झाली. दुसरी केली नाही.

फोन लावला. तू रानात होतास, अळंब्या गोळा करत,
पायाखाली पानं वाजत होती.
सांगितलं: तुला वर घेतलंय. पूर्ण.
झ्देन्येक काय म्हणायचं ते म्हणू दे.
ग्राझचंही सांगणार होते.

बराच वेळ नुसती पानं.
मग तू विचारलंस, चौथं गाणं का?
हो.
दुसऱ्या कडव्यात, म्हणालास, मी थोडा चढलोय.
तिथं जरा कमी कर.